शहराचा कायदा एका पुस्तकात नसतो

गेल्या वर्षी ऐन ऑगस्टमध्ये आमच्या सोसायटीच्या गेटवर महापालिकेची नोटीस चिकटवलेली सापडली. वॉचमनने फोटो काढून मला पाठवला, मी सेक्रेटरी म्हणून तो ग्रुपवर टाकला, आणि पुढचे दोन दिवस ग्रुपवर दुसरा विषयच नव्हता. विषयाची ओळ साधी होती, गच्चीवरील अनधिकृत पत्राशेडबाबत. पण त्याखाली संदर्भ म्हणून जे लिहिलं होतं ते कुणालाच कळेना: महाराष्ट्र महानगरपालिका अधिनियम कलम २६०, आणि त्याच्या खाली महाराष्ट्र प्रादेशिक नियोजन व नगररचना अधिनियम १९६६, कलम ५३. एका शेडसाठी दोन दोन कायदे कशाला?

शेड होती हे खरंच आहे. काही वर्षांपूर्वी वरच्या मजल्यावर गळती सुरू झाली तेव्हा लोखंडी अँगल उभे करून पत्रे टाकले, मग पावसाची झड आत येते म्हणून दोन बाजूंनी पत्रे मारले, मग कधीतरी एका कोपऱ्यात वीटकाम करून सोसायटीचं सामान ठेवायला खोली झाली. एकदम कुणी काही बांधलं नाही, ते वाढत गेलं.

ग्रुपवर उत्तरं मात्र भराभर आली. वरच्या मजल्यावरचे काका म्हणाले शेडचा ठराव रीतसर एजीएममध्ये पास झालाय, मिनिट्स बुक काढा आणि दाखवा त्यांना. खजिनदार म्हणाले आपण त्या शेडचा टॅक्स भरतो, बिलात क्षेत्रफळ धरलेलं आहे, मग ती अनधिकृत कशी काय. कुणी म्हणालं अहो नुसता पत्रा आहे, ती काय बिल्डिंग आहे का. आणि एका वहिनींच्या मुंबईच्या भावाने सांगितलं की नोटीसच चुकीची आहे, असल्या नोटिसा ३५१ च्या असतात, २६० ची नसतेच. सगळे मनापासून बोलत होते आणि प्रत्येकाला पक्कं वाटत होतं की कायदा आपल्या बाजूने आहे. मला यातल्या एकालाही हो किंवा नाही म्हणता येईना, आणि ते मला फार लागलं, कारण सही माझी जाणार होती.

म्हणून मी क्षेत्रीय कार्यालयात गेले आणि खिडकीवर विचारलं की महापालिकेच्या नियमांचं पुस्तक कुठे मिळेल. तिथल्या बाईंनी शांतपणे विचारलं, "कुठलं? बांधकामाचं, टॅक्सचं का आरोग्याचं?" मी गप्पच झाले. माझ्या डोक्यात असं होतं की शहराचा कायदा म्हणजे एक जाड पुस्तक असणार, त्यात गच्ची, कचरा, पाणी, झाडं सगळं एकापाठोपाठ लिहिलेलं असणार. तसं पुस्तक आपल्याकडे नाही. जे आहे ते वेगवेगळ्या काळात, वेगवेगळ्या लोकांनी केलेलं, आणि तरी एकमेकांत गुंतलेलं आहे. त्याची रचना एकदा समजली की नोटिशीचा कागद वाचता येतो, एवढंच मला इथे सांगायचंय, आणि ते वकील नसलेल्या माणसाला जमतं हे मी स्वतःवरून सांगते.

आधी मुळाशी जाऊ. मुंबईसाठी वेगळा कायदा आहे, १८८८ चा, मुंबई महानगरपालिका अधिनियम. बाकीच्या महापालिकांसाठी १९४९ चा, ज्याचं नाव पूर्वी मुंबई प्रांतिक महानगरपालिका अधिनियम होतं आणि जुनी मंडळी अजून त्याला बीपीएमसी ॲक्ट म्हणतात. २०१२ च्या आसपास नाव बदलून महाराष्ट्र महानगरपालिका अधिनियम झालं. कायदा तोच, त्यामुळे जुन्या कागदावर जुनं नाव दिसलं तर घाबरायचं कारण नाही. (गुजरातमध्येही हाच १९४९ चा कायदा तिकडच्या नावाने चालू आहे, दोन्ही राज्यं तेव्हा एकाच मुंबई प्रांतात होती ना.) आणि नगरपरिषदा, नगरपंचायतींना तिसरा, १९६५ चा. म्हणजे तुम्ही कुठल्या गावात राहता यावरून आधी पुस्तक ठरतं आणि मग कलम.

वहिनींच्या भावाचं इथेच चुकत होतं, आणि चुकत होतं म्हणजे मुंबईपुरतं तो बरोबरच होता. ३५१ हे १८८८ च्या कायद्यातलं अनधिकृत बांधकामाचं कलम, आमच्याकडे त्याच कामाला २६० आहे. याचं सगळ्यात चांगलं उदाहरण मला कलम ६३ मध्ये सापडलं. १९४९ च्या कायद्यात ६३ म्हणजे महापालिकेने केलीच पाहिजेत अशी कामं, रस्ते झाडणं, दिवाबत्ती, अग्निशमन, जन्म-मृत्यूची नोंद, प्राथमिक शाळा वगैरे, आणि ६६ म्हणजे करता आली तर करावीत अशी, जलतरण तलाव, वाचनालयं वगैरे. मुंबईच्या कायद्यात मात्र बंधनकारक कामं ६१ मध्ये आहेत आणि ६३ म्हणजे ऐच्छिक कामं! तोच आकडा आणि अर्थ बरोब्बर उलटा. फॉरवर्ड आलेला कलम नंबर आपल्या शहराला लावण्याआधी तो कुठल्या कायद्यातला आहे हे विचारा, नेहमी विचारा.

मग मी १९४९ चा कायदा डाउनलोड केला. मराठीत आणि इंग्रजीत दोन्ही मिळतो. पहिल्या दिवशी पान एकपासून वाचायला लागले आणि अर्ध्या तासात डोकं जड झालं. दुसऱ्या दिवशी फक्त अनुक्रमणिका वाचली, सगळी, शेवटपर्यंत, चहा घेत, आणि त्या दिवशी मला पहिल्यांदा काहीतरी दिसलं. माझ्या मते कायद्याचं अर्धं शहाणपण अनुक्रमणिकेत असतं. सुरुवातीला व्याख्या. मग कोण कोण आहे: कलम ४ सांगतं की महापालिका प्राधिकरणं म्हणजे महानगरपालिका, म्हणजे नगरसेवकांची सभा, मग स्थायी समिती आणि आयुक्त, आणि जिथे परिवहन उपक्रम आहे तिथे त्याचे. मग निवडणुका, सभा, कर्तव्यं, अधिकार. मग पैसा, म्हणजे मालमत्ता, करार, अंदाजपत्रक. मग १२७ पासून कर. त्यानंतर गटारं, पाणी, रस्ते, आणि २५३ पासून बांधकामं. पुढे स्वच्छता, बाजार, परवाने. मग दंड, अपिलं, कोर्ट. मग राज्य सरकारचा ताबा. ४५१ खाली महापालिकेचा ठराव सरकार निलंबित किंवा रद्द करू शकतं, पेपरमध्ये ठराव विखंडित केला असं वाचतो ते हेच. आणि शेवटी नियम आणि उपविधी (बाय-लॉज) कसे करायचे ते. त्याच्याही मागे अनुसूच्या.

म्हणजे आधी माणसं, मग पैसा, मग जमिनीखालचं आणि जमिनीवरचं, आणि शेवटी भांडण झालं तर काय. ही चाल लक्षात आली की नंबर पाठ करावे लागत नाहीत. २६० म्हटलं की बांधकामाच्या घरातलं, १२९ म्हटलं की कराच्या घरातलं, २४४ म्हटलं की रस्त्याच्या घरातलं, तिथे आकाशचिन्हं म्हणजे होर्डिंग येतात.

व्याख्यांनी आमच्या ग्रुपवरचा एक वाद तिथल्या तिथे मिटवला. कलम २ मध्ये इमारत या शब्दात घर, तबेला, शेड, झोपडी असं सगळं येतं, मग ते विटांचं असो, लाकडाचं, मातीचं, धातूचं किंवा कशाचंही, आणि कंपाउंडची भिंतसुद्धा. मी तो परिच्छेद मोबाईलवर मोठा करून काकांना दाखवला, शेड आणि धातू या दोन शब्दांखाली बोट ठेवून. काकांनी चष्मा वर करून दोनदा वाचला आणि म्हणाले, "म्हणजे पत्रा पण बिल्डिंगच." हो. बोलताना आपण बिल्डिंग म्हणतो ती वेगळी आणि कायद्यातली वेगळी. कुठलंही कलम वाचायच्या आधी त्यातला मुख्य शब्द व्याख्येत आहे का बघायचा, ही सवय मला या एका प्रसंगाने लागली.

दुसरी सवय भाषेची. कायद्याची मराठी पहिल्यांदा अंगावर येते पण तिच्यात चार-पाच ठरलेली वळणं आहेत आणि ती ओळखीची झाली की वाट सोपी. "या अधिनियमात काहीही अंतर्भूत असले तरी" अशी सुरुवात असली म्हणजे हे वाक्य बाकीच्यांच्या वर बसलंय. "च्या अधीन राहून" म्हणजे हे खाली बसलंय, आधी दुसरं बघ. "परंतु" ने नवीन ओळ सुरू झाली की तिथे अपवाद आहे, आणि बहुतेक वेळा सामान्य माणसाच्या कामाची गोष्ट त्या परंतुमध्येच असते. "स्पष्टीकरण" म्हणजे आधीच्या शब्दाचा अर्थ ताणलाय किंवा आवळलाय. आणि "करील" व "करता येईल" यात जमीनअस्मानाचा फरक आहे, पहिलं बंधन, दुसरं मुभा. मी आता पेन्सिलने आधी एवढेच शब्द गोल करते आणि मग वाचते.

नंबरांना चिकटलेली अक्षरंही अशीच बोलकी असतात. २६५ आणि २६६ च्या मध्ये २६५ अ दिसलं तर समजायचं की हे मूळच्या कायद्यात नव्हतं, नंतर कधीतरी गरज पडली आणि मध्ये घुसवलं. २६० शोधताना मला हे २६५ अ सहज दिसलं, आणि ते निघालं ३० वर्षं झालेल्या इमारतीच्या स्ट्रक्चरल तपासणीचं. आमची इमारत १९९६ ची. म्हणजे शेडच्या नादात ते दुसरं काम आमच्या दाराशी आलंय हे वेळेत कळलं. शेजारची कलमं वाचावीत, खरंच.

आता टॅक्सचा मुद्दा. हा मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो कारण हा गैरसमज घरोघरी आहे. आपण कर भरतो म्हणजे बांधकाम अधिकृत झालं, असं आपल्याकडे जवळजवळ सगळे मानतात, खजिनदारही मानत होते आणि खरं सांगायचं तर मीही मानत होते. पण कायद्याची रचना बघितली की कळतं की कर आणि बांधकाम ही दोन वेगळी प्रकरणं आहेत आणि दोघांचे प्रश्न वेगळे आहेत. कर खातं विचारतं, काय उभं आहे? बांधकाम खातं विचारतं, परवानगीने उभं आहे का? पहिल्याचं उत्तर मिळालं म्हणून दुसऱ्याचं मिळत नाही. आणि हे नुसतं तर्काने नाही, कायद्यातच लिहिलंय. कलम २६७ अ नंतर घातलेलं आहे, अनधिकृत बांधकामावर नेहमीच्या करासोबत शास्ती म्हणजे दंड लावायचं. मूळ तरतूद दरवर्षी मालमत्ता कराच्या दुप्पट अशी होती, पुढे त्यात दुरुस्त्या आणि सवलती आल्या, पिंपरी-चिंचवडकरांना शास्तीकर हा शब्द वेगळा सांगायला नको. पण त्याच कलमात हेही आहे की असा कर किंवा शास्ती घेतली म्हणून ते बांधकाम नियमित झालं असा अर्थ होत नाही.

मी घरी येऊन आमची जुनी बिलं काढली. फाईलमध्ये पाच वर्षांची होती. सर्वसाधारण कर, जललाभ कर, शिक्षण कर, वृक्ष कर अशा ओळी खाली खाली येतात आणि त्यांच्या तळाशी, बारीक अक्षरात, अवैध बांधकाम शास्ती अशी ओळ होती. आकडा लहान होता म्हणून कुणी बघितलीच नाही. पाचही बिलांवर होती! ज्या बिलाच्या जोरावर आम्ही शेड अधिकृत म्हणत होतो तेच बिल दरवर्षी आम्हाला ती अनधिकृत आहे असं सांगत होतं. खजिनदारांना ती ओळ दाखवली तेव्हा ते बराच वेळ काही बोलले नाहीत, मग म्हणाले पुढच्या मीटिंगला मीच सांगतो सगळ्यांना. मला त्यांचा फार आदर वाटला.

बिलाच्या मागच्या बाजूला अजून एक संदर्भ असतो: अनुसूची ड, प्रकरण ८, कराधान नियम. हे मला आधी अगदी अनाकलनीय वाटायचं. अनुसूची ड म्हणजे कायद्याच्या पाठीला जोडलेली नियमावली. कलमात फक्त सांगितलेलं असतं की कर घ्यायचा, पण आकारणीचं पुस्तक कसं ठेवायचं, हरकत कशी घ्यायची, बिल कसं बजावायचं, उशीर झाला तर दरमहा २ टक्के शास्ती, हे सगळं या नियमांत. आणि कलम ४५३ म्हणतं की हे नियम कायद्याचाच भाग समजायचे. म्हणून नोटिशीत नियम असा शब्द दिसला म्हणून ते कलमापेक्षा हलकं आहे असं समजू नका.

त्याच्या खालची पायरी उपविधींची, कलम ४५८. कुठल्या कुठल्या विषयांवर महापालिका उपविधी करू शकते याची यादी तिथे आहे. मसुदा सभेपुढे जातो, लोकांना कळवून हरकती घ्याव्या लागतात आणि राज्य सरकारची मंजुरी लागते, मगच तो लागू. ही पायरी खऱ्या अर्थाने शहराची स्वतःची, जिथे तुमच्या-माझ्या हरकतीला कायद्याने जागा आहे. मुंबईचे २००६ चे स्वच्छता उपविधी अशाच पद्धतीने आले, रस्त्यावर थुंकलं की २०० रुपये दंड हा आकडा त्यांतला. पुढे केंद्राच्या २०१६ च्या घनकचरा नियमांनी सगळ्याच स्थानिक संस्थांना कचऱ्याचे उपविधी करायला सांगितलं. ओला-सुका वेगळा न केल्याची पावती फाडली जाते तेव्हा तिच्या मागे ही सगळी साखळी असते, दिल्लीतला पर्यावरणाचा कायदा, त्याखालचे नियम, त्यांनी सांगितलेले शहराचे उपविधी, आणि शेवटी गेटवर उभा असलेला आरोग्य निरीक्षक.

एक घोळ इथे नक्की होतो. मी मीटिंगमध्ये उपविधी म्हटलं की सगळ्यांना सोसायटीचे उपविधी वाटले, ते हिरवं पुस्तक. शब्द तोच आहे पण ते सहकार कायद्याखालचे, १९६० च्या. ते सभासदांचे आपापसातले व्यवहार ठरवतात. एजीएमचा ठराव त्या घरातला, तो सभासदांना बांधतो, महापालिकेला नाही. काकांच्या मिनिट्स बुकाचं उत्तर हेच होतं आणि ते सांगताना मला जड गेलं, कारण त्या काळी त्यांनी सगळं नियमानुसारच करायचं म्हणून ठराव घेतला होता.

उपविधीच्याही खाली आयुक्तांचे स्थायी आदेश, परिपत्रकं. (स्थायी आदेश आणि स्थायी समिती यांचा एकमेकांशी संबंध नाही, मीही आधी गोंधळले होते.) आणि जीआर, शासन निर्णय, तो तर मंत्रालयातून येतो, त्याच्याने यंत्रणा हलते, पण जीआर कलमाच्या विरोधात जाऊ शकत नाही. कागद हातात आला की मी आता पहिला प्रश्न हाच विचारते, हा कुठल्या पायरीवरचा आहे? कारण पायरीवरून ठरतं की हा बदलायचा झाला तर कुणाकडे जायचं. परिपत्रक असेल तर आयुक्तांकडे, उपविधी असेल तर नगरसेवकांकडे आणि सभेकडे, कलम असेल तर आमदारांकडे, विधानसभेत. आम्ही वर्षानुवर्षं नगरसेवकांना अशा गोष्टींसाठी बोल लावलाय ज्या त्यांच्या हातातच नव्हत्या.

आणि मग शेजारचे कायदे. नोटिशीतली दुसरी ओळ, ५३, ती यातलीच. १९६६ चा नगररचना कायदा वेगळा, त्यात महापालिका नियोजन प्राधिकरण म्हणून काम करते. म्हणजे ऑफिस एकच, साहेब तेच, पण दोन वेगळ्या कायद्यांनी दिलेले दोन वेगळे अधिकार. इमारत किती उंच, किती एफएसआय (म्हणजे प्लॉटच्या मानाने किती बांधकाम), बाजूला किती जागा सोडायची, पार्किंग किती, हे १९४९ च्या कायद्यात शोधलं तर सापडणार नाही. ते या १९६६ च्या कायद्याखालच्या नियमावलीत असतं. आधी प्रत्येक शहराची आपली विकास नियंत्रण नियमावली होती, डिसेंबर २०२० पासून बृहन्मुंबई आणि काही मोजके भाग सोडून जवळजवळ सगळ्या राज्याला एकच एकत्रिकृत नियमावली आली, तिला सगळे यूडीसीपीआर म्हणतात. पार्किंग या नियमावलीच्या प्रकरण ८ मध्ये, आणि शहरापुरत्या खास तरतुदी प्रकरण १० मध्ये. गच्चीवर पावसाळ्यापुरतं आच्छादन हे तिथे तात्पुरत्या बांधकामात येतं, तेही परवानगी घेऊन. पावसाळ्यापुरतं हा शब्द मी बरेच दिवस बघत बसले होते, कारण आमची शेड बाराही महिने उभी होती आणि तिच्यात विटांची खोली होती.

असेच बाकीचे. झाड तोडायची परवानगी महापालिकेच्याच वृक्ष अधिकाऱ्याकडे मागायची पण कायदा १९७५ चा, झाडांचा. फेरीवाल्यांचा २०१४ चा, केंद्राचा. भिंती विद्रूप करण्याचा १९९५ चा. रात्री दहानंतरचा लाऊडस्पीकर हा तर महापालिकेकडे नाहीच, २००० चे ध्वनी प्रदूषण नियम आणि फोन पोलिसांना. माझ्या एका मैत्रिणीने वॉर्ड ऑफिसमध्ये डीजेच्या तक्रारीचे अर्ज दिले होते, तीन, पोच घेऊन. ते तिथेच पडून राहिले आणि तिला कुणी सांगितलंही नाही की ताई हे दार तुमचं नाही. मला त्याचा राग येतो अजून. माहितीच्या अधिकाराच्या कायद्यात, २००५ च्या, कलम ४ मध्ये स्पष्ट आहे की प्रत्येक कार्यालयाने आपण वापरतो ते नियम, सूचना, नियमपुस्तिका स्वतःहून प्रसिद्ध करायच्या. अर्ज करायचीसुद्धा गरज पडू नये अशी ती तरतूद आहे. मी आमच्या शहराचे उपविधी शोधले तेव्हा वेबसाईटवर काही स्कॅन केलेली तिरकी पानं मिळाली, काही मिळालीच नाहीत, आणि एक तर मी खिडकीवरच्या त्या बाईंकडून झेरॉक्स करून घेतला. त्या बाई चांगल्या होत्या म्हणून. पण लोकांना पाळायचा कायदा लोकांना सापडलाच पाहिजे, तो कुणाच्या चांगुलपणावर का असावा?

तर सुनावणी. २६० ची नोटीस म्हणजे थेट हातोडा नव्हे, हे आमच्यातल्या बऱ्याच जणांना माहीत नव्हतं. हे कलम आधी कारण दाखवायची संधी देतं, लेखी द्या किंवा ठरल्या दिवशी हजर राहून सांगा. खाली सही पदनिर्देशित अधिकाऱ्यांची, म्हणजे या कामासाठी नेमलेल्या अधिकाऱ्यांची होती, आयुक्तांची नाही, म्हणून एक जण म्हणाला ही चालणारच नाही. पण दुरुस्तीनंतर या कलमात हाच शब्द आहे, आणि तसंही कलम ६९ खाली आयुक्त आपले बरेच अधिकार खालच्या अधिकाऱ्यांना देऊ शकतात. कोर्टात दावा लावू म्हणणाऱ्यांना मी ४३३ अ दाखवलं, अशा नोटिशीविरुद्ध साधा दावा लावता येत नाही. कराच्या आकारणीवर मात्र ४०६ खाली न्यायाधीशांकडे अपील आहे. परत तेच, कागद कुठल्या घरातला त्यावर दार ठरतं.

आम्ही लेखी खुलासा दिला. वकिलांनी वाचला, पण लिहिला मी. गळती होती म्हणून शेड घातली, परवानगी घेतलेली नाही, वॉटरप्रूफिंग करून शेड स्वतःहून काढतो, दिवाळीपर्यंत मुदत द्यावी. खोटं काहीच लिहिलं नाही. कनिष्ठ अभियंता साहेब येऊन बघून गेले, फोटो काढले, आणि मुदत मिळाली. नोव्हेंबरात अँगल कापले, विटांची खोली पाडली, सामान खाली मीटर रूमच्या बाजूच्या कपाटात मावलं, निम्मं तर टाकायचंच होतं. काका स्वतः गच्चीवर उभे राहून पत्रे मोजून भंगारवाल्याला देत होते.

मला वाटलं संपलं. पण शेड पडली हे बांधकाम खात्याला माहीत होतं, कर खात्याला नाही, दोन घरं वेगळी ना. म्हणून परत अर्ज केला, या वेळी कर निरीक्षकांच्या नावाने, आणि विषयाखाली मी स्वतः संदर्भ लिहिला: अनुसूची ड, प्रकरण ८, नियम २०, आकारणी पुस्तकात दुरुस्ती होणेबाबत. सोबत शेड पाडल्याचे फोटो आणि बांधकाम विभागाचं पत्र. खिडकीवर त्याच बाई होत्या. त्यांनी संदर्भाची ओळ वाचली, आवक शिक्का मारला आणि पोच माझ्या हातात दिली. एप्रिलमध्ये नवीन बिल आलं. मी उभ्या उभ्या जिन्यातच उघडलं आणि आधी तळाची ओळ बघितली. शास्तीपुढे शून्य होतं.